हिरव्या पडद्यावरच्या हिरव्या बांगड्या

तवा तिथं कोन कोन होतं ते आधी सांगते. मी चांगुना. माजी ननंद पारू. माजी नात मयुरी, लेकाची लेक, जिच्या कामासाठी आमी गेलो. गान्यातली नवरी झालेली तन्वी, अमरावतीची पोर. कॅमेरा धरनारा इरफान, आपल्या म्हसळ्याचा. आनि गानं काढनारे डायरेक्टर, त्यांना समदी 'सर' म्हनत, म्हनून मी बी सरच म्हनते. तोंडं रंगवाय आलेल्या पार्लरवाल्या मॅडम. बाकी दिवे उचलनारी, वायरी ओढनारी पंधराएक मानसं होती, त्यांची नावं मला आली न्हाय.

मी दुसरीपरेंत शाळेत गेले. मी बोलले तसं माज्या सुनंनं लिवून घेतलंय. श्रीवर्धनच्या पल्याड आमचा कोळीवाडा. ज्यांनी असलं काम कदी बगितलं न्हाय त्यांच्यासाठी सांगते, कारन मी बी बगितलं नव्हतं.

मयुरी पनवेलला कपड्यांचं शिकली. शिवायचं न्हाय, कुनाला काय नेसवायचं त्याचं. दोन वर्सं तिनं दुसऱ्यांच्या पिशव्या उचलल्या, इस्त्र्या मारल्या. ह्या आखाडात पयल्यांदा आख्ख्या गान्याचं कपडं तिच्या हातात दिलं. नारळी पुनवंच्या आधी फोनवर येनारं गानं. सरांनी सांगितलं होतं, हे नीट झालं तर फुडचं काम तुलाच, न्हायतर दुसरी बगू. तिनं घरी फोन केला. "आजी, मला खरं नेसनं पायजे. दुकानात मिळतं तसलं न्हाय. तू नि पारूआजी या."

होड्या वर वढलेल्या, दर्या बंद. जाळी शिवायची सोडून आमाला काय काम न्हवतं. म्हनलं, येतो.

मांडव्याची मोठी बोट

मानगावच्या वाटंला दरड आलेली, म्हनून आमी किनाऱ्या-किनाऱ्यानं निघालो. दिघीची जेट्टी, आगरदांडा, मुरूड, अलिबाग. ते समदं सांगत बसत न्हाय, भिजत गेलो एवढंच. मयुरी आमाला न्यायला मांडव्याला आली होती.

मांडव्याला पावसाळ्यात लहान बोटी बंद असतात. मुंबईला जानारी मोठी एक चालते, तिच्या पोटात गाड्या जातात. मोटारी, टेंपो, एक तर भाजीचा ट्रक. पारू वाकून बगत राह्यली.

"वयनी, हिच्या पोटात एवढं! हिनं जाळं टाकलं तर काय गावंल गो?"

"टोलनाका," मयुरी म्हनली.

वर काचेची खोली, गार हवा, मऊ खुर्च्या. दर्या दिसतो पन त्याचा वास येत न्हाय, एक थेंब आंगावर येत न्हाय. मला ते नवल वाटलं. दर्यावर असून दर्या कुठं हाय ते इचारावं लागतं. आनि एक गंमत बगितली. पोरंपोरी काचेशी जाऊन दर्याकडं पाठ करायची, फोन वर धरायचा नि हासायचं. फोटू झाला की हासनं बंद, लगीच फोनात बगायचं. आमच्याकडं दर्याकडं पाठ करून कोनी हुबं राह्यलं तर बाप कानाखाली द्यायचा. लाट इचारून येत न्हाय. पन काच असली की भ्या कशाचं.

पारूनं बी काडून घेतला फोटू. मंग तिथली कॉफी प्याली. आनि दहा मिन्टांत तिला बोट लागली! होडीत जन्मलेली बाई, आईनं हिला जाळ्यात निजवली, आनि तिला पिशवी धरावी लागली.

"वयनी, गावात सांगू नको."

"न्हाय सांगत."

तर ते आता सांगून झालं. पारू, राग धरू नको. ती गार हवाच तशी होती.

अंधेरीची खोली

मयुरी आनखी एका पोरीसंगं राहते, चौथ्या माळ्यावर. ती पोर केस कापायचं काम करते. तिची पँट दोन्ही गुडघ्यांवर फाटलेली. मला वाईट वाटलं. मी सुईदोरा काडला, म्हनलं दे, टाका घालते. दोघी हासून हासून लोळल्या. ती पँट फाडूनच विकतात म्हनं.

"आजी, त्याला फॅशन म्हनतात," मयुरी म्हनली.

"गुडघं उघडं ठेवायचं तर लुगडं नेसा की," पारू म्हनली. "आमी जन्मभर तेच केलं, आमाला कोनी फॅशन म्हनलं न्हाय."

मी त्यावर इचार केला. आमचं लुगडं गुडघ्याच्या वर घट्ट कारन चिखलात, पान्यात हुबं राहायचं असतं. ती पोर पान्यात हुबी राहत न्हाय. तिला बरं वाटतं म्हनून घालते. बरं वाटतं म्हनून काय घालावं हे माज्या डोक्यात कदी आलंच न्हवतं. मी तिची पँट हातात घेऊन नीट बगितली. भोकाच्या कडंला दोरं कसं सोडलेलं, ते बी कोनीतरी हातानं वढून काडलंय. काम हायच त्यात.

रातच्याला आमी नेलेला जवळा, म्हंजे सुकी बारीक कोलिंबी, परतला, तांदळाची भाकर केली. ती पोर सकाळ-सांज दुधात कसलातरी भुसा भिजवून खाते. जवळ्याचा वास सुटला तशी शेजारच्या बाईनं दार आपटलं. पन पोरगी तीन भाकऱ्या जेवली, मंग डब्याचं झाकन उघडून हुंगत बसली.

दुसऱ्या दिवशी तन्वी आली. उंच, सडपातळ, गव्हाच्या रंगाची. पायात ही एवढी मोठी पांढरी बुटं, होडीसारखी. तिनं दर्या पयल्यांदा बगितला तो गेल्या वर्सी. मी तिला नेसवत होते, मयुरी फोनात एकेक घडी टिपून घेत होती आनि मधीच मला थांबवत होती.

"आजी, हळू. आता डावीकडून का घेतलंस?"

"का म्हंजे? तसंच घेतात."

"का ते सांग. मला दुसऱ्या पोरींना शिकवायचंय."

पन्नास-पंचावन वर्सं नेसते, मला 'का' म्हाईत न्हवतं. मंग मी सोडलं नि माज्याच आंगावर परत नेसून बगितलं. तवा कळलं, टोपली डाव्या कमरंला टेकते, म्हनून तिकडं कापड दुहेरी पायजे. हात म्हाईत होता, डोक्याला म्हाईत न्हवतं.

तन्वी चालायला लागली नि पडली.

"अगं, मासोळी हायस का? पाय हलव!" पारू म्हनली.

"आजी, पाय हलतच नाहीयेत, खूप घट्ट आहे."

"घट्ट हाय म्हनून तर पडत न्हाय. मागून ढकलून बग मला. बग, ढकल."

तन्वीनं भीत भीत ढकललं. पारू जागची हलली न्हाय. मंग दोघी खोलीत फिरत राह्यल्या, एक फुडं एक मागं, डोक्यावर उशी टोपलीसारखी.

मला माजं चालनं आठवलं. आमचं मानूस दर्यात गेलं तवा लेक पाच वर्सांचा होता. होडी परत आली, बरोबरचे दोघं आले, हे न्हाय आले. त्यानंतर मी सुकटीची टोपली डोक्यावर घेऊन म्हसळ्याच्या बाजारात जायची, अर्धी वाट यस्टीनं, अर्धी पायी. चढावर टोपली मागं वढते. रडत चाललं तर मान हलते, टोपली पडते. म्हनून मी रडले न्हाय. त्यात शानपन काय न्हवतं, सुकट सांडली असती.

मयुरीनं नवरीसाठी हिरवंगार लुगडं आनलं होतं, लगनातलं असतं तसं. हिरव्या काचेच्या बांगड्या, पिवळी फडकी म्हंजे खांद्यावरनं घ्यायचं वस्त्र, आंबाड्याला अबोली. बांगड्या फकस्त डाव्या हातात. तेवढं तिला सांगावं लागलं न्हाय, घरात बगितलंय. ज्यांना म्हाईत न्हाय त्यांना सांगते. कोळनीचं लगीन लागलं की तिच्या उजव्या हातातल्या बांगड्या दर्याला देतात. तू ह्या घे नि तिचा कुंकवाचा धनी सांभाळ. मंग तो हात कायम मोकळा.

त्याच सांजेला मयुरीला फोन आला. गानं किनाऱ्यावर करायचं होतं ते पावसापायी रद्द. आता आतमधी करायचं, दर्या मागाहून घालनार.

"मागाहून कुठनं घालनार?" मी इचारलं.

"कम्प्युटरमधून."

म्हनलं, घालत असतील.

दर्या नसलेली जागा

गोडाऊनसारखी मोठी शेड. आत एक भित पार जमिनीपरेंत पोपटासारखी हिरवी रंगवलेली, जमीन बी हिरवी. तिच्यासमोर अर्धी होडी. मी वाकून बगितलं, तिला तळच न्हवता. टोपलीत रबराचं पापलेट. पारूनं हुंगून खाली ठेवलं.

"तीन दिवसांचं झालं तरी वास न्हाय. हे आपल्याला मिळालं तर सुकवायची कटकट गेली."

मंग गानं लावलं. एवढा मोठा आवाज की पोटात ढोल वाजतो. तन्वी तोंड हलवत होती, मागं दहा पोरी नाचत होत्या, पन आवाज स्पीकरच्या पेटीतला. मी इरफानला इचारलं, हे गायलं कोन?

"एक ताई आहेत, आजी. महिन्यापूर्वी बंद खोलीत गाऊन गेल्या."

"तिनं हिला बगितलं?"

"नाही."

"आनि हिनं तिला?"

"नाही."

म्हंजे गानारी एकीकडं, नाचनारी एकीकडं, दर्या तिसरीकडं, आनि समदं जोडायचं. मला ते फसवनं वाटलं न्हाय. जाळं बी असंच असतं, एकजन सूत कातायचा, एक वीनायचा, टाकनारा तिसराच. मी इरफानजवळच बसले. तो म्हसळ्याचा, मोहल्ल्यातला. मशिदीमागच्या गल्लीत मी जवळा विकायची, ती गल्ली त्याला ठाऊक.

"आमच्या आजीनं घेतला असेल तुमच्याकडून," तो म्हनला.

"घासाघीस करायची का?"

"खूप."

"मंग घेतला असंल."

त्याच्याफुडं टीव्हीसारखी एक पाटी होती. तिच्यात त्यानं बटन दाबलं आनि मागची हिरवी भित गेली, तिथं दर्या आला! लाटा, आभाळ, लांब डोलकाठ्या. मी उठून भितीकडं बगितलं, भित हिरवीच. पाटीत बगितलं, दर्या. परत भित, परत पाटी. पारूला हाक मारनार, तेवढ्यात मला तन्वी दिसली आनि माजं तोंड उघडं राह्यलं.

पोरीला आंगच न्हवतं. तोंड होतं, पिवळी फडकी होती, पाय होतं. मधी लुगड्याच्या जागी लाटा चालल्या होत्या. डाव्या मनगटावर बांगड्यांच्या जागी पानी. हात तुटून हवेत लटकल्यासारखा.

इरफाननं कपाळाला हात लावला. "या अल्ला. हिरवं."

त्यानं मला समजावलं ते सांगते. कम्प्युटरला सांगितलेलं असतं, हिरवं दिसलं की काडून टाक, तिथं दर्या घाल. त्याला काय कळतंय भित कुठली नि नवरी कुठली. जे हिरवं ते खाल्लं.

सर आले, पाटीत बगितलं, फिरले. "मयुरी! क्रोमाच्या हिरव्या पडद्यापुढे हिरवं? हे पहिलीतल्या पोराला पण कळतं."

"सर, आपलं बीचवर ठरलं होतं. आत करायचं मला काल संध्याकाळी कळलं."

"मग काल संध्याकाळी डोकं चालवायचं ना."

"मी फोन केला होता, सर. तुम्ही..."

"ते राहू दे. त्या कपड्यांच्या पेटीत गुलाबी लुगडी आहेत, त्यातलं नेसवा. सोनेरी बांगड्या घाला, दोन्ही हातात. आणि तू आता बाजूला हो, पार्लरवाल्या मॅडम बघतील."

मयुरी बाजूला झाली. रडली न्हाय. तिनं फडकीची घडी घातली, उलगडली, परत घातली. एक दिवसाची जागा भाड्यानं घेतलेली, सांजच्याला सोडायची. तेवढ्यात गुलाबी नवरी झाली की ह्या गान्यात मयुरीचं काय उरत न्हाय, आनि फुडचं काम गेलं. मला एवढं कळत होतं.

मी इरफानला इचारलं, "हा हिरवंच खातो का दुसरं बी खातो?"

"निळं पण खातो. जे सांगू ते. पण भिंत हिरवी रंगवलेली आहे ना आजी."

शेडच्या दारातून समोरच्या चाळीची छपरं दिसत होती. पावसाची म्हनून समद्यांवर निळी ताडपत्री, जशी आमच्या होड्यांवर असते.

"त्या भितीवर ताडपत्री टाक."

तो हासला. "ताडपत्री चमकते. कापड लागेल. मोठं, एक सळ नको." मंग हासायचा थांबला. "मंडपवाला आहे कोपऱ्यावर. गणपतीचं कापड आलं असेल त्याचं."

तो सरांकडं गेला. सर घड्याळात बगत राह्यले. "जेवणाची सुट्टी आत्ता देतो. तीन वाजेपर्यंत. तीनला नाही झालं तर गुलाबी."

कापड आलं ते निळं होतं, पन पट्ट्या पट्ट्या. जमीन कॅमेऱ्यात घेनार न्हवते, तरी एवढी मोठी भित झाकायला दहा पट्ट्या जोडाव्या लागनार. मंडपवाल्याचा पोऱ्या टाचन्या मारतो म्हनला. इरफान म्हनला, टाचनीनं सळ पडंल, सावली दिसंल.

"वयनी," पारू म्हनली, "शीड."

मी तेच बोलनार होते. आमच्या होडीला इंजान न्हवतं, शीड होतं. हे नि मी मिळून शिवायचो, जुनं कापड जोडून जोडून. ते गेल्यावर मी लोकांची शिडं शिवून पोट भरलं, जवर शिडं होती तवर. शिडाला सळ चालत न्हाय, वारा तिथं धरतो नि फाडतो. म्हनून कडंवर कड दुमडून, एक टाका वर, एक खाली, आनि दर हातभर अंतरावर कापड वढून बगायचं. वीस-पंचवीस वर्सं मी तो टाका घातला न्हवता. सुई हातात घेतल्यावर बोटं दुखायला लागली, पन इसरली न्हवती.

जेवाय कोन उठलंच न्हाय. मी एका टोकानं, पारू दुसऱ्या टोकानं, मयुरी मधी कापड ताठ धरून. तन्वीनं बुटं काडली नि ती बी बसली. मी तिला कड दुमडायला शिकवलं.

"आजी, त्या उजव्या हाताच्या बांगड्या," तिनं हळूच इचारलं. "तुम्ही पण दिल्या होत्या?"

"दिल्या."

"आणि आजोबा?"

"होडी आली, ते न्हाय आले."

तिनं हातभर कड दुमडली. मंग म्हनली, "मग देऊन काय उपयोग झाला?"

पारूनं मान वर केली. तिचा भाऊ तो. मी म्हनलं, "आपन दिलं ते आपलं काम, पोरी. घेनाऱ्यानं काय केलं ते त्याला इचारायला मी अजून गेले न्हाय. जाईन तवा इचारीन. कड सरळ धर."

तीनला पाच मिन्टं होती तवा कापड वर चढलं. पोरांनी चारी कोपरं वढली. मी लांबून बगितलं, एका जागी जरा ढिलं होतं, तिथं वढायला सांगितलं. इरफाननं दिवे टाकले, बटन दाबलं. पाटीत हिरवं लुगडं, हिरव्या बांगड्या, आनि मागं दर्या. पोर आख्खी दिसली.

"एक सळ नाही, आजी," इरफान म्हनला.

सर पाटीजवळ वाकले. "हं. ठीक आहे. पण हा उजवा हात रिकामा वाटतोय. भरा तो."

मयुरी फुडं झाली. "सर, कोळणीच्या उजव्या हातात बांगड्या नसतात."

"कुणाला कळतंय?"

"आमच्या आख्ख्या किनाऱ्याला कळतंय," पारू म्हनली. "फोन करून इचारतील, नवरी कुठनं आनलीत, दुकानातून?"

सर हासले, पन ऐकनारे न्हवते ते. तवा मयुरी म्हनली, "भरते, सर. पण मग गाण्यातच आजी येऊन त्या काढून घेईल आणि दर्याला देईल. हात रिकामा का, ते लोकांना दिसू दे."

सरांनी पाटीत एकदा बगितलं. मंग म्हनले, "घ्या."

मी तन्वीशेजारी जाऊन हुबी राह्यले आनि इरफान वरडला, "थांबा, थांबा, थांबा!"

ते गेल्यापासून मी निळंच नेसते. लुगडं निळं, चोळी त्याच कापडाची. दिवसभर निळ्या कापडाला टाके घातले आनि माज्या आंगावर काय हाय ते माज्या ध्यानात आलं न्हाय. मयुरीच्या बी न्हाय.

मला पाटीजवळ नेऊन दाखवलं. तन्वीशेजारी दर्या होता नि त्यात माजं तोंड. दोन हात. बाकी लाटा. माज्या छातीच्या जागी लाट येत होती, फुटत होती. पारू वरडली, "वयनी, भूत झालीस गो!" समदी हासली, मी बी हासले. मंग मी हात हलवून बगितला. पान्यातून हात हलला. मला भ्या वाटलं न्हाय. मी बराच येळ बगत राह्यले, मंग हात खाली घेतला.

"आजीला दुसरं नेसवते," मयुरी म्हनली. "पेटीत मरून रंगाचं आहे."

"नको," सर म्हनले. ते पाटीतून डोळा काडत न्हवते. "हेच पाहिजे. तोंड पण नको, आजी, कॅमेऱ्याबाहेर जाईल एवढं मागं व्हा. नुसते हात. दर्यातून हात येतात आणि बांगड्या घेतात."

मयुरीचा चेहरा उतरला. ती मला बाजूला घेऊन म्हनली, "आजी, तुझं हे नेसणं मी एकेक घडी टिपून शिकले. रोजचं जुनं नेसणं ह्या गाण्यात एकट्या तुझ्याच अंगावर असतं. ते दिसणारच नाही. तू पण नाही दिसणार."

"नवरीचं दिसतंय ना?"

"दिसतंय."

"ते तुजंच हाय ना?"

"हो, पण..."

"मंग झालं. मला बगून कोन काम देनार हाय?"

तन्वीचे हात ताठ. बांगड्या काडायला कासाराची रीत लागते, अंगठ्याखालचा उंचवटा दाबून हात लहान करायचा, आनि तिला बोलत ठेवायचं. मी तिला अमरावतीच्या घरचं इचारत राह्यले, ती बोलत राह्यली, एकेक निघाली. चौथी तडकली, तिच्या हातावर बारीक रगत आलं. तिनं हात वढला न्हाय. समद्या काडून मी खाली निळ्या कापडात झाकलेल्या परातीत सोडल्या. पेटीतलं गानं चालूच होतं. कोनी 'कट' म्हनलं न्हाय, येळानं म्हनले.

परत

येताना पारूनं कॉफी घेतली न्हाय. बोट लागली न्हाय. मयुरी मांडव्यापरेंत सोडाय आली. सर तिला जाताना म्हनले होते, छान झालं. ती तेवढ्यावर खूस होती.

पुनवंच्या आठ दिवस आधी गानं आलं. सुनंनं फोन भितीला टेकवून ठेवला, वीसएक जनी जमलो. नवरी आली तवा बाया म्हनल्या, नेसनं खरं हाय गो. मंग पान्यातून हात आले नि समद्या फोनाजवळ सरकल्या. एक म्हातारी म्हनली, ह्यो हात कम्प्युटरचा हाय. मी तिला माजा हात दाखवला, सुईनं टोचलेलं बोट दाखवलं, तरी पटेना.

शेवटाला नावं येतात. सुनंनं मोठ्यानं वाचली. गानारी, ढोलवाला, नाचवनारा, इरफानचं बी आलं, पार्लरवाल्या मॅडमचं आलं. कल्पना म्हनून सरांचं आलं. मयुरीचं न्हाय. सुनंनं परत लावलं, परत वाचलं. न्हाय.

मयुरीनं सरांना फोन केला. ते म्हनले राहून गेलं, एकदा वर चढलं की बदलता येत न्हाय, पुढच्या वेळी बघू. फुडची येळ काय आली न्हाय. ती दुसऱ्या एका डायरेक्टरकडं काम मागाय गेली, फोनात हे गानं दाखवलं. त्यानं शेवटपरेंत बगितलं नि इचारलं, ह्यात तुझं नाव कुठं आहे? तिनं फोन पिशवीत ठेवला. ती परत पिशव्या उचलते.

मला कोनाशी भांडायचं न्हाय. तुमी बी सरांना वाईट-साईट लिवू नका, त्यानं पोरीचंच नुकसान. पन ज्यात दर्यातून दोन म्हाताऱ्या हात येतात आनि नवरीच्या उजव्या हातातल्या बांगड्या घेतात, ते गानं तुमच्या फोनवर आलं, तर खाली लिवायची जागा असते म्हनं. तिथं एवढंच लिवा, ह्यातलं कपडं मयुरीनं केलं. लिवता येत नसंल तर घरातल्या कोनाकडून लिवून घ्या, मी घेते तसं.